मारखोर आणि धुऱ्यावरचं कुसळ

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी बसलाच नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हा वेलांटी काढता येत होती, पण पहिली कुठे आणि दुसरी कुठे, ते शिकायचं राहून गेलं. त्यात आता डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून ओळी लिहिता लिहिता उतरणीला लागतात. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती वापरते आहे. वही ज्वारीच्या कोठीमागे ठेवते. चुकून कोणाच्या हाती लागलीच तर त्यांनी चुका पोटात घालाव्या आणि वही होती तिथे ठेवून द्यावी.

लिहायचं कारण असं की माझ्या मोठ्या जाऊबाईंचे मी नऊ हजार रुपये देणं लागत होते, त्यातले आता तीनशे राहिले आहेत. दर बाजाराला शंभर, म्हणजे तीन बाजार. पैसे फिटत आले की माणसाला हलकं वाटायला पाहिजे. मला मात्र धाक पडला आहे. जाऊबाई ढाणकीच्या बाजाराच्या दिवशी हे पैसे न्यायला म्हणून माझ्याकडे येतात आणि तासभर बसतात. पैसे संपले की त्यांना माझ्या दारात यायला काही कारण उरणार नाही. आणि मी जिच्याशी बोलते अशी दुसरी बाई या गावात नाही.

मी लहानपणापासूनच अबोल. चक्कीवर, नळावर, लग्नाच्या मांडवात, चार बायका जमल्या की माझा आवाज घशातच बसून राहतो. मनात वाक्य तयार असतं, पण ते ओठापर्यंत येईस्तोवर बायका दुसऱ्या गोष्टीवर गेलेल्या असतात. लोकांना वाटतं हिला गर्व आहे. लेक लग्न होऊन गेली. आमचे हे ट्रक चालवतात. कापसाच्या गाठी घेऊन वर जातात, येताना मिळेल तो माल आणतात. वीस-वीस दिवस घरात मी आणि भिंती.

यांचं आणि यांच्या मोठ्या भावाचं, म्हणजे माझ्या भासऱ्यांचं, बरीच वर्षं झाली बोलणं नाही. वाटणीत शेत मधोमध कापलं आणि मध्ये धुरा पडला. बांध म्हणतात तोच. तो धुरा कोणी कोणाकडे हातभर सरकवला यावरून बोलाचाली झाली आणि तिथेच सगळं थांबलं. दोन्ही घरांत एकच नियम झाला, त्यांच्या घरी जायचं नाही. वसुलीला तेवढी मनाई नव्हती. भासऱ्यांनीच सांगितलं होतं म्हणे, "जाय, एकही रुपया सोडू नको तिले." त्यामुळे जाऊबाई गावातून उजळ माथ्याने चालत येत. दारात आल्या की गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "आण वं पैसे!" मग आत येऊन पाय पसरून बसत आणि हळूच म्हणत, "च्या ठेव पहिले. आलं टाकजो."

धुऱ्यावर कोणी काही पेरलं नाही. दोघांनाही तो आपला वाटतो, म्हणून दोघांनीही त्याला नांगर लावला नाही. तिथे कुसळी गवत माजलं. पावसाळ्यात ते कोवळं असतं, गुरं आवडीने खातात. दिवाळी जवळ आली की ते कंबरेएवढं होतं, लालसर पिवळं पडतं आणि त्याला कुसळं धरतात. ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बी असतं सुईच्या टोकासारखं, त्याला मागे वळलेली बारीक लव असते, म्हणजे एकदा रुतलं की पुढेच जातं, मागे येत नाही. बीच्या मागे काळपट लांब शेपटी, आणि त्या शेपटीला पीळ असतो, दोरीला असतो तसा. पिकलेल्या गवताच्या वरच्या टोकाला या सगळ्या शेपट्या एकमेकींत अडकतात आणि वेणी घातल्यासारख्या दिसतात. संध्याकाळच्या उन्हात धुरा पाहिला तर वाटतं, कितीतरी पोरी पाठमोऱ्या उभ्या आहेत.

त्या दिवशी मी गायीसाठी गवत कापत होते. विळा लावून मूठ ओढली, तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि कुसळांची ती सबंध वेणी माझ्या उघड्या डोळ्यावर येऊन लागली. मी ओरडले. आपला आवाज एवढा मोठा निघतो हे मलाच माहीत नव्हतं. जाऊबाई पलीकडे कापूस वेचत होत्या. त्या कंबरेची कापसाची ओटी तशीच टाकून धुरा ओलांडून आल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा पाय आमच्या बाजूला पहिल्यांदा पडला. पदराच्या टोकाने त्यांनी दोन कुसळं काढली. तिसरं निघेना, तेव्हा जुन्या बाया काढतात तसं जिभेच्या टोकाने काढलं. मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी डोळ्यात पांढरा ठिपका दिसायला लागला.

डोळ्यातल्या कुसळावरून आपल्या लोकांत जी म्हण आहे ती मी इथे लिहीत नाही. तेव्हा ती मला येता-जाता इतक्या जणांनी ऐकवली, आणि प्रत्येकाला वाटलं की ती त्यालाच पहिल्यांदा सुचली.

हे तेव्हा पंजाबात होते. फोन केला तर म्हणाले, निघतो, पण माल उतरवल्याशिवाय गाडी हलणार नाही. जाऊबाईंनी स्वयंपाकघरावर टिनं टाकायची म्हणून दोन बोकड वाढवले होते, ते विकले आणि मला बसमध्ये घालून नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस घरी बसला असता तर डोळा गेलाच होता. औषधं, लहानसं ऑपरेशन, पुन्हा औषधं. डोळा राहिला. त्यात एक धुकं राहिलं.

घरी गेल्यावर भासऱ्यांनी विचारलं, बोकडांचे पैसे कुठे आहेत? जाऊबाई म्हणाल्या, "उसने दिले." दिले म्हटलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. उसने म्हटल्यावर ते नुसते हुं म्हणाले. असं ते उसनं झालं. मग मला फेडणं भाग होतं आणि त्यांना मागणं.

पट्टी होती त्या दिवसांत मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. हे घरी आले ते सफरचंदाची गाडी घेऊन, जम्मूकडून. तिकडच्या एका हॉटेलवाल्याने यांना जुनं कॅलेंडर दिलं होतं. तारखांची पानं फाटून गेलेली, नुसतं चित्र उरलेलं. यांनी ते माझ्या खाटेसमोर खिळ्याला अडकवलं. म्हणाले, "पडल्या पडल्या पाह्यत राह्य. करमन तुले."

चित्रात एक जंगली बोकड होता. नुसता दगडाचा उभा कडा, आणि त्या कड्यावर चार खूर एकाच जागी जमवून तो उभा. छातीपासून गुडघ्यापर्यंत लोंबणारी दाढी. मागे बर्फाचे डोंगर. आणि डोक्यावर दोन शिंगं, हातभर लांब, पिळलेली, ओला पदर पिळून वर धरावा तशी. मी त्याच्याकडे इतके दिवस पाहिलं की दुपारच्या झोपेत आणि जागेपणी फरक राहिला नाही. कधी तो मान वळवे. कधी त्याच्या पायाखालचा दगड सुटून खाली जाई आणि मी त्याचा आवाज यायची वाट बघत पडून राही. आवाज कधी आला नाही, एवढी ती खोली होती. मला गच्चीवर चढलं तरी गरगरतं, पण त्या कड्याकडे पाहताना भीती वाटली नाही. वाटे, आपणही तिथेच कुठेतरी बसलो आहोत, आणि कोणी बोल म्हणत नाही.

मी उठून बसायला लागल्यावर जाऊबाई पहिले शंभर न्यायला आल्या. चहा पिता पिता चित्राकडे बघतच राहिल्या. त्यांच्या घरी सात बकऱ्या आहेत, बकरं दिसलं की त्यांचे डोळे तिथेच जातात.

"हे कायचं बकरं वं?"

"पहाडातलं आहे. जंगली."

"खाली नाव लिवलं आहे न? वाच. तू शिकेल आहे."

हिंदीत होतं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, "मारखोर."

"म्हणजे काय?"

मला वाईट वाटलं की मला ठाऊक नाही. मग मी विचार केला. लाच खातो तो लाचखोर. "मार खाणारा," मी म्हटलं.

जाऊबाईंनी शिंगं पाहिली, दाढी पाहिली, छाती पाहिली. "येवढे शिंगं असून मार खाते? मंग कोणाचा तरी नवरा असन."

मी हसले. पट्टीखाली डोळा ठणकला, तरी हसणं थांबेना. त्यांच्या लुगड्याच्या काठाला कुसळं टोचून बसली होती, धुऱ्यावरून आलं की बसतातच. हसता हसता मी त्यातलं एक उपटलं आणि बोटात धरून चित्राजवळ नेलं. तोच पीळ. शिंगाला होता तोच. एवढं मोठं जनावर आणि एवढंसं कुसळ, पण पिळणारा हात एकच असावा असं वाटलं.

"पाहा न बाई," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "होय वं. हे त्याचंच पोरगं दिसून राह्यलं."

तिथून ते सुरू झालं. कोणाला सांगितलं तर हसतील, पण दोन वर्षं आम्ही दोघी दर बाजाराला एकच वाद घालत आलो, बकरं मोठं की गवत मोठं. जाऊबाई बकऱ्याकडून आणि मी गवताकडून. ज्या गवताने माझा डोळा अधू केला त्याच्याकडून मी का बोलते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. बकऱ्याकडून बोलणारं कोणी ना कोणी असतंच, एवढंच मनात आलं.

त्या म्हणायच्या, बकरं असं वर जाते जिथं माणूस जाऊ शकत नाई. वाघाला भीत नाई, बर्फाला भीत नाई. मी आठवडाभर कापूस वेचताना विचार करून ठेवायची आणि पुढच्या बाजाराला म्हणायची, गवत खाली जातं. जिथं कोणाला दिसत नाही तिथं.

"खाली जाण्यात काय मोठेपणा आहे? खड्ड्यात तर कोणीबी पडते."

मग मी तळहातावर कुसळ ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले. ओलं झालं की त्याचा पीळ उकलतो आणि शेपटी गोल फिरायला लागते, घड्याळाच्या काट्यासारखी. लहानपणी आम्ही हाच खेळ खेळायचो. जाऊबाईंनाही माहीत होता, पण कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्या माझा हात धरून वाकून बघत राहिल्या. "असंच ते जमिनीत शिरतं," मी म्हटलं. "ओल आली की उकलतं, वाळलं की पुन्हा पीळ भरतो. फिरत फिरत आत जातं. कोणी पेरायला लागत नाही. त्या बोकडाच्या शिंगाला एकदा पीळ पडला तो पडला. पाणी घाला नाही तर तेल घाला, उकलत नाही."

जाऊबाईंनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, "आमच्या घरच्याचं शिंग आहे."

"आणि आमच्या यांचं?"

"त्याचंबी शिंगच. एका माईचे आहेत न." मग चित्राजवळ जाऊन त्यांनी बोट लावलं. "पाह्य, एकाच डोक्यावरचे दोघं, अन् हा इकडे पिळला, हा तिकडे."

खरंच तसं होतं. एवढे दिवस बघून मला ते दिसलं नव्हतं.

हे पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा मी नावाचा अर्थ विचारला. यांनी सांगितलं, मार म्हणजे तिकडच्या भाषेत साप. साप खाणारा. हॉटेलवाल्यानेच सांगितलं होतं. माझी चूक झाली होती. मला ती जाऊबाईंपासून लपवावीशी वाटली, पण खोटं अंगाशी येतं म्हणून सांगून टाकलं.

"साप?" जाऊबाई म्हणाल्या. "बकरं कायले साप खाईन वं? माह्या बकऱ्या सापाची कात पाहून धुरा ओलांडून तुह्या वावरात पळते. मग पोराईले मास्तर म्हणते मार देईन, ते काय साप देते?" आणि चहाची बशी खाली ठेवून, "त्याले म्हणाव, तुह्या हॉटेलवाल्यानं थट्टा केली. आपला अर्थ बराबर आहे."

मला त्या वेळी सुचलं ते मी लगेच बोलले, असं माझं क्वचित होतं. मी म्हटलं, "मग मारखोर ते बकरं नाहीच. मार खाणारं तर गवत आहे. गुरं खातात, आपण कापतो, उन्हाळ्यात तुम्ही तुमच्या बाजूने पेटवता, आम्ही आमच्या बाजूने. मृगात पाहावं तर पुन्हा हिरवं."

"मार खाते, पण मारते बी. तुह्या डोळ्यात काय बकरं शिरलं होतं?"

"त्याला मारायचं नव्हतं. त्याला माती पाहिजे होती. मी मध्ये आले."

"घे माय!" जाऊबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "कोर्टात वकील लाव त्याले. तूच उभी राह्य."

चित्रात बोकडच आहे, बकरी नाही, हेही त्यांनीच काढलं. त्या म्हणाल्या, "याची बायको कुठं आहे? तिलेबी असेच शिंगं असतीन काय?" यांना विचारलं तर म्हणाले, तिची शिंगं बोटभर असतात म्हणे, आणि ती पिलं घेऊन दुसऱ्या बाजूला फिरते. जाऊबाई म्हणाल्या, "पाह्य. फोटो काढायच्या टायमाले ती पाणी भरायले गेली असन." मग मी त्या दिवसापासून कड्याच्या मागे, चित्रात जिथे काही नाही तिथे, तिला बघू लागले. ती दगडांच्या फटीतलं गवत खात असणार. तिथेही कुठलं तरी गवत असणारच, नाही तर बोकड एवढा वाढला कशावर? हा मुद्दा मी पुढच्या बाजाराला मांडला. जाऊबाईंनी लगेच चहात साखर कमी आहे म्हणून भांडण काढलं.

वेचणी असली की वेचणीचे पैसे येतात. नसली की मी वाकळा शिवते. एका डोळ्याने सुईचं भोक सापडत नाही. दोरा नेहमी बाजूने जातो. जाऊबाईंच्या ते लक्षात आल्यापासून त्या येऊन आधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवत. आठवडाभर पुरत. मी काही म्हटलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

या धुकट डोळ्याचं एक सांगायचं राहिलं. उजवा डोळा झाकला की जग दुसरं होतं. वेचणीच्या दिवसांत एका दुपारी मी धुऱ्यावर बसले आणि उजवा डोळा हाताने झाकला. दोन्ही वावरांतला कापूस एक झाला. मध्ये काही दिसेना, नुसतं पांढरं, लांबपर्यंत बर्फ. त्यात जाऊबाईंच्या बकऱ्या सावल्यांसारख्या हलत होत्या आणि त्यांना शिंगं किती लांब आहेत हे कळत नव्हतं. कुसळांच्या वेण्या वाऱ्याने एका बाजूला झुकत, मग परत येत. मला वाटलं की मी त्या चित्रात मागच्या बाजूने शिरले आहे. बकरी जिथे असते तिथे. तिथे ऊन होतं, आणि कोणीतरी लांबून मला हाक मारत होतं. हात काढला तर पलीकडून जाऊबाईच म्हणत होत्या, "झोपली का वं? ओटी सांडली तुही!"

असे नऊ हजार कमी होत गेले. भर पावसाळ्यात काम नसे, तेव्हा काही बाजार कोरे गेले. माझा हिशेब वहीत होता. जाऊबाईंनी डब्यात तुरीचे नव्वद दाणे मोजून ठेवले होते, शंभराला एक, आणि पैसे मिळाले की त्या एक दाणा काढून टाकत. सहाशे राहिले तेव्हा मी एक पाप केलं. वेचणीचे पैसे डब्यात होते, आणि मी म्हटलं, "या बाजाराला पन्नासच आहेत."

जाऊबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरची सगळी वावरं पांढरी झाली होती. "कापूस येवढा फुटला, अन् तुले वेचणी नाई?"

मी खाली मान घातली. त्यांनी पन्नास घेतले. म्हणाल्या, "बराबर आहे. घाई कायची आहे?" जाताना गल्लीत मात्र मोठ्याने म्हणाल्या, "अर्धेच देते, काय बाई आहे!" पुढच्या बाजाराला त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, डब्यात दाणे मोजले तर आठ निघाले. माझ्या वहीत सहाही पुरे नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चित्राकडे बघत होत्या. "उंदरानं आणून टाकले असतीन," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं की धाक मला एकटीला नाही.

पण असं किती दिवस चालणार? मी उरलेले पन्नास काढून दिले, पुढचे दोन बाजार शंभर-शंभर दिले, त्यांनी दाणे टाकले. मग वही काढून लिहायला बसले. इथपर्यंतचं सगळं तीनशे बाकी असताना लिहिलं आहे, चार-पाच दुपारी. मनात होतं की लिहिता लिहिता काही तरी कारण सुचेल. वाकळ शिकायला येते म्हणावं, बकरीचं पिलू विकायला येते म्हणावं. एकही कारण जाऊबाईंच्या घरच्या दारातून बाहेर पडेल असं नव्हतं.

मधले दोन बाजार होऊन गेले. आज शेवटचा होता.

हे कालच घरी आले होते. ओट्यावर आरसा लावून दाढी करत बसले होते. एरवी जाऊबाई यायच्या वेळी हे उठून पानठेल्यावर जातात. आज अर्ध्या गालाला साबण होता, जाता येईना. जाऊबाई दारात आल्या, यांना पाहून थबकल्या, पदर पुढे ओढला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "आण वं पैसे!" आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

आत येऊन बसल्या. चहा ठेव म्हणाल्या नाहीत. मी ठेवला. त्यांनी पिशवीतून सुयांची डबी काढली आणि ओवायला लागल्या. दहा झाल्या तरी थांबल्या नाहीत. पंधरा, वीस. मी बकरं-गवत काही काढलं नाही, त्यांनीही नाही.

मी शंभराची नोट समोर ठेवली.

त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढून माझ्यासमोर सरकवला. हळू आवाजात म्हणाल्या, "नव्व्याण्णवच घेते. एक रुपया बाकी राहू दे. मागायले येत जाईन."

मला ते हवंच होतं. रुपया उचलून कोठीमागे ठेवला असता तर वर्षानुवर्षं चाललं असतं. बाकी एक रुपया, आणि दर बाजाराला गल्लीत तोच आवाज. मी रुपयाकडे पाहत राहिले. मग मनात आलं की पैसे मागायला आलेल्या बाईला मी दोन वर्षं चहा पाजला, आता एकदा जाऊबाईंना पाजावा. वाक्य घशात आलं. नेहमीसारखं तिथे बसायला लागलं. बाहेर यांचा वस्तरा गालावरून खरखर फिरत होता.

"नाही," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, ओट्यापर्यंत गेला. "पैसे पुरते घ्या. माझ्याकडे काही बाकी नाही. आणि पुढच्या बाजाराला या."

"कायले येऊ?" त्या कुजबुजल्या. "विचारतीन न घरी, कायले गेलती?"

"सांगा, जावेकडे गेलती. चहा प्यायले."

माझ्या आयुष्यात मी एवढं एका दमात कोणासमोर बोलले नव्हते. बाहेर वस्तरा थांबला. मी आरशात पाहिलं. आरशात हे दिसत होते, अर्धा गाल पांढरा, आणि हे आरशातून आमच्याकडेच बघत होते. जाऊबाईंनीही पाहिलं. मग वस्तरा पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा सावकाश.

जाऊबाईंनी समोरचा रुपया उचलून परत पिशवीत टाकला. नोटेची बारीक घडी केली, ती कमरेला खोचली, आणि डब्यातून आणलेला तुरीचा शेवटचा दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "फिटले."

नऊ हजार पुरते फिटले.